नॅप्स्टर: कलाकाराच्या नावाने लढलेली लढाई

१९९९ हे अमेरिकेतल्या संगीत कंपन्यांच्या भरभराटीचं वर्ष. त्या वर्षी तिथल्या ध्वनिमुद्रित संगीताची उलाढाल सुमारे १४.६ अब्ज डॉलरवर गेली. एवढा पैसा या धंद्याने आधी कधी पाहिला नव्हता. त्यातला मोठा वाटा सीडीचा होता. घरात जुन्या तबकड्या आणि कॅसेट असूनही लोकांनी तीच गाणी सीडीवर पुन्हा विकत घेतली होती. आवडायचं एखादंच गाणं, पण त्यासाठी पंधरा-सोळा डॉलर मोजून अख्खा अल्बम घ्यावा लागे, कारण सुटं गाणं विकण्याची पद्धत कंपन्यांनी जवळपास मोडीत काढली होती. मे २००० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पाच बड्या कंपन्यांवर ठपका ठेवला. दुकानदारांनी सीडी स्वस्तात जाहीर करू नये म्हणून घातलेल्या अटींमुळे साधारण तीन वर्षांत ग्राहकांच्या खिशातून ४८ कोटी डॉलरच्या आसपास जादा रक्कम गेली, असा आयोगाचा हिशेब होता. हे आधी सांगायला हवं, कारण लाखो तरुणांनी फुकट गाणी उतरवताना मनाची जी समजूत घातली, तिचं मूळ या किमतीत आहे.

या फुकट उतरवण्यामागचं दुसरं कारण तांत्रिक होतं. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली तेव्हा तिच्यावरच्या माहितीला कुलूप घातलेलं नव्हतं. ज्याला ती संगणकावर वाचता येईल, त्याला तिची हुबेहूब नक्कल काढता येत होती. अडचण जागेची होती. एक गाणं चाळीस-पन्नास मेगाबाइट घ्यायचं, आणि त्या काळच्या घरगुती संगणकाला हे ओझं पेलणारं नव्हतं.

ही अडचण जर्मनीत सुटली. एरलांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रँडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं एकाच प्रश्नाच्या मागे होते: कानाला जे ऐकूच येत नाही ते साठवायचं कशाला? मोठ्या आवाजाखाली दबून जाणारे बारीक आवाज गाळले, तर फाइल दहा-बारा पट लहान होते. सर्वांत अवघड होता साथीशिवाय गाणारा गळा. त्यात जरा खोट राहिली की कान ती लगेच पकडतो. म्हणून सुझान व्हेगाने नुसत्या गळ्यावर गायलेलं ‘टॉम्स डायनर’ ब्रँडेनबुर्ग पुन्हा पुन्हा वाजवत आणि आपलं तंत्र घासूनपुसून नीट करत. जुलै १९९५ मध्ये या फाइलींना ‘एमपीथ्री’ हे नाव मिळालं. आता गाणं तीन-चार मेगाबाइटचं झालं. टेलिफोनच्या मोडेमवर ते दहा-पंधरा मिनिटांत उतरे, आणि विद्यापीठांच्या वसतिगृहात वेगवान जोडणी असली तर चहा ओतून होईपर्यंत.

माल बाहेर पडायच्या वाटाही तयार झाल्या होत्या. नॉर्थ कॅरोलायनातल्या किंग्ज माउंटन गावात पॉलिग्राम कंपनीचा सीडी छापण्याचा कारखाना होता. तिथले काही कामगार प्रकाशनाच्या आधीच सीडी बाहेर काढत. पत्रकार स्टीफन विट यांनी आपल्या पुस्तकात ही युक्ती तपशिलाने दिली आहे: फाटकावरच्या तपासणीत धातू शोधणारं यंत्र फिरवलं जाई, तेव्हा मोठ्या बकलचा पट्टा बांधायचा आणि बकलच्या आड सीडी दडवायची. यंत्र वाजलं तरी दोष बकलचा. अशा रीतीने जवळपास दोन हजार अल्बम एका छुप्या टोळीपर्यंत पोचले आणि तिथून इंटरनेटभर पसरले. आपली गळती आपल्याच कारखान्यात आहे, याचा कंपन्यांना कित्येक वर्षं पत्ता नव्हता.

एवढं सगळं जमून आलं तरी हवं ते गाणं सापडणं मुश्किल होतं. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात शॉन फॅनिंगच्या खोलीतला सोबती नेमकी हीच कुरकूर करायचा. दुवे मेलेले, फाइली अर्धवट. फॅनिंग तेव्हा अठरा वर्षांचा होता. त्याने कॉलेज सोडलं, काकांच्या कचेरीत मुक्काम ठोकला आणि रात्री जागून एक प्रोग्रॅम लिहिला. त्याला नाव दिलं ते स्वतःचंच टोपणनाव, ‘नॅप्स्टर’. सोबतीला शॉन पार्कर हा जवळपास त्याच वयाचा मित्र होता. जून १९९९ मध्ये नॅप्स्टर सुरू झालं.

त्याची रचना साधी होती. नॅप्स्टरच्या संगणकांवर एकही गाणं नव्हतं, होती फक्त यादी: कुणाकडे कोणतं गाणं आहे आणि तो या क्षणी जोडलेला आहे का. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखं त्याचं काम. पत्ता द्यायचा, देवघेव त्या दोघांनी आपसात करायची. पुढचा सगळा खटला या यादीभोवती फिरला. वापरणाऱ्याला मात्र यातलं काही दिसत नव्हतं. चौकटीत नाव टाइप करावं, समोर शंभर जणांकडच्या प्रती दिसाव्यात, एकीवर टिचकी मारावी. काही महिन्यांत विद्यापीठांच्या जोडण्या इतक्या तुंबल्या, की इंडियाना विद्यापीठासह अनेकांनी नॅप्स्टरवर बंदी घातली. फेब्रुवारी २००१ पर्यंत महिन्याला अडीच कोटींहून अधिक लोक ते वापरत होते.

डिसेंबर १९९९ मध्ये रेकॉर्डिंग इंडस्ट्री असोसिएशन ऑफ अमेरिका, म्हणजे आरआयएए या संघटनेच्या सदस्य कंपन्यांनी कॅलिफोर्नियात दावा दाखल केला. कलाकारांच्या हक्कांचं रक्षण हे त्यामागचं जाहीर कारण. पण त्याच्या महिनाभर आधी वॉशिंग्टनमध्ये वेगळंच काही घडलं होतं. एका भल्यामोठ्या विधेयकात गुपचूप एक कलम घुसवण्यात आलं. त्यानुसार ध्वनिमुद्रणं ‘पगारी काम’ ठरणार होती. पस्तीस वर्षांनी आपल्या गाण्यांचे हक्क परत मागण्याची जी वाट कलाकारांना कायद्याने मिळाली होती, ती यामुळे बंद झाली असती. कलम लिहिण्यात ज्या संसदीय कर्मचाऱ्याचा हात होता, तो काही महिन्यांतच आरआयएएच्या नोकरीत रुजू झाला. कलाकारांनी आरडाओरड केली आणि २००० मध्ये कलम मागे घ्यावं लागलं. त्याच सुमारास गायिका कोर्टनी लव्ह हिने एका परिषदेत आकडेमोड करून दाखवली: दहा लाख प्रती खपल्या तरी करारातल्या वजावटींनंतर बँडच्या हाती जवळपास काहीच उरत नाही. खरी चाचेगिरी ही असल्या करारांची आहे, असा तिचा रोख होता.

नॅप्स्टरची बाजूही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. मेटॅलिका हा रॉक बँड २००० मध्ये ‘मिशन: इम्पॉसिबल २’साठी एक गाणं करत होता. त्याचा कच्चा मसुदा पुरा होण्याआधीच नॅप्स्टरवरून सुटला आणि रेडिओवर वाजूही लागला. बँडने एप्रिलमध्ये दावा ठोकला. ३ मे २००० रोजी ड्रमवादक लार्स उलरिक सॅन मटेओतल्या नॅप्स्टरच्या कचेरीसमोर खोकीच्या खोकी घेऊन उतरला. आत सुमारे साठ हजार पानं, आणि त्यांवर ३,३५,४३५ वापरकर्त्यांची नावं. एका शनिवार-रविवारात ज्यांनी मेटॅलिकाची गाणी देऊ केली, त्यांची ही यादी होती. नॅप्स्टरने त्या सगळ्यांना बाहेर काढलं. रस्त्यावर जमलेल्या चाहत्यांनी उलरिकची हुर्यो उडवली. जुलैमध्ये सिनेटच्या समितीपुढे त्याने साधा मुद्दा मांडला: आमचं काम वाटायचं की नाही, हे ठरवण्याचा हक्क आमचा; तुम्ही आम्हाला विचारलंच नाही. श्रीमंत बँडची रड म्हणून तेव्हा याची टिंगल झाली. पण विचारलं नव्हतं, हे खरंच होतं. त्याआधी मे महिन्यात नॅप्स्टरला भांडवलदारांकडून दीड कोटी डॉलर मिळाले होते. पण गाणं उतरवलं गेलं म्हणून तेव्हा कुठल्या गायकाला एक सेंटही मिळत नव्हता.

न्यायालयात नॅप्स्टरने १९८४ च्या निकालाचा आधार घेतला. व्हिडिओ रेकॉर्डरने चित्रपटांच्या चोरट्या प्रती निघतात म्हणून तेव्हा स्टुडिओंनी सोनीला कोर्टात खेचलं होतं. ज्या यंत्राचा कायदेशीर उपयोगही भरपूर आहे ते बेकायदा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं. नॅप्स्टरचा दावा होता की आपणही तसलंच यंत्र आहोत. न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांना हे पटलं नाही. रेकॉर्डर विकल्यावर सोनीचा ग्राहकाशी संबंध संपत होता. नॅप्स्टरची यादी मात्र दर क्षणी त्याच्याच संगणकावर चालत होती. यादीतल्या ८७ टक्क्यांपर्यंत फाइली स्वामित्वहक्क असलेल्या असाव्यात, असा पुरावा पुढे आला. त्याहून नडला तो कंपनीतलाच एक कागद. पार्करने त्यात लिहिलं होतं की वापरकर्त्यांची खरी नावं आपल्याला ठाऊक नसलेलीच बरी, कारण ते चोरीच्या संगीताची देवघेव करत आहेत. ‘आम्हाला काय माहीत’ हा बचाव त्या एका वाक्याने संपला. फेब्रुवारी २००१ मध्ये अपील न्यायालयाने मुख्य निष्कर्ष उचलून धरले. मग गाण्यांच्या नावांवर गाळणी लावण्याचा खेळ सुरू झाला. लोक मुद्दाम चुकीचं स्पेलिंग लिहू लागले आणि गाणी गाळणीतून सुटत राहिली. जुलै २००१ मध्ये नॅप्स्टर बंद पडलं. पुढच्या वर्षी कंपनीचं दिवाळं निघालं.

कंपन्या जिंकल्या, पण नॅप्स्टरवरची गर्दी घरी बसली नाही. नव्या प्रोग्रॅमांनी नॅप्स्टरच्या खटल्यातून एकच धडा घेतला, तो म्हणजे मधली यादीच ठेवायची नाही. न्यूटेला, काझा आणि लाइमवायर यांच्यात संगणक एकमेकांनाच विचारत जात; पुढे आलेल्या बिटटॉरेंटमध्येही फाइली लोकांच्या संगणकांवरच असत. बंद करायला मधोमध एकच एक यादी उरली नाही. काझाची मालक कंपनी पॅसिफिकमधल्या वानुआतू बेटांवर नोंदवलेली होती आणि कारभार सिडनीतून चाले. वापरणाऱ्याचे धोके मात्र इथे वाढले. काझा फुकट मिळे, पण त्याच्यासोबत जाहिराती दाखवणारे आणि पाळत ठेवणारे प्रोग्रॅम संगणकात घुसत. गाण्याच्या नावाखाली व्हायरस येत. आणि ज्याकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं असा एक धोका होता: आपलं काय काय उघडं पडलंय, हेच लोकांना कळत नव्हतं. २००२ मध्ये नेथन गुड आणि ॲरन क्रेकेलबर्ग या संशोधकांनी बारा जणांना काझासमोर बसवून विचारलं की या संगणकावरच्या कोणत्या फाइली जगाला दिसताहेत? बरोबर उत्तर फक्त दोघांना देता आलं. खऱ्या वापरकर्त्यांच्या तर ईमेलच्या पेट्याच्या पेट्या उघड्यावर होत्या. संशोधकांनी क्रेडिट कार्डच्या नावाने एक खोटी फाइल ठेवून पाहिली. अनोळखी लोकांनी तीही उतरवून घेतली. काही वर्षांनी सिॲटलमधल्या एका भामट्याने लाइमवायरवरून लोकांची करविवरणपत्रं मिळवली आणि त्यांच्या नावावर खरेदी केली. त्याला तुरुंगवास झाला. २०१० मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने जवळपास शंभर संस्थांना पत्रं धाडली: तुमच्या ग्राहकांची आणि कर्मचाऱ्यांची माहिती अशा जाळ्यांवर पडली आहे.

कंपन्यांना हा धोका दाखवून लोकांना परावृत्त करता आलं असतं. पण २००५ मध्ये त्यांनी स्वतःच तो अधिकार गमावला. नक्कल रोखण्यासाठी सोनी बीएमजीने आपल्या काही सीडींमध्ये असा प्रोग्रॅम घातला, की सीडी संगणकात टाकताच तो न सांगता आत जाऊन दडून बसे. ऑक्टोबरअखेर मार्क रुसिनोविच या तंत्रज्ञाने तो उघडकीला आणला. काही दिवसांतच व्हायरस लिहिणारे त्याच आडोशाला येऊन लपले. ज्यांनी पूर्ण पैसे मोजून सीडी घेतली होती, त्यांचेच संगणक बाधित झाले. कंपनीला सीडी परत मागवाव्या लागल्या.

सप्टेंबर २००३ मध्ये आरआयएएने आणखी पुढचं पाऊल टाकलं होतं. प्रोग्रॅम बनवणाऱ्यांबरोबरच आता थेट २६१ श्रोत्यांवर खटले. त्यात न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतीत राहणारी एक बारा वर्षांची मुलगी निघाली. तिच्या आईने २,००० डॉलर भरून प्रकरण मिटवलं. २००५ मध्ये एका अशा वृद्धेवर दावा लागला जी आधीच वारली होती. तो गाजावाजा झाल्यावर मागे घेतला गेला. पाच वर्षांत अशा कारवाईत तीस हजारांहून अधिक लोक सापडले. बहुतेकांनी तीन-चार हजार डॉलर भरून सुटका करून घेतली. वकील करण्यापेक्षा ते स्वस्त होतं.

मिनेसोटातली एक नोकरदार आई मात्र अडून बसली. तिच्यावर २४ गाण्यांचा आरोप होता. कायद्यात दर गाण्यामागे ७५० ते १,५०,००० डॉलरपर्यंत भरपाईची मुभा होती. २००७ मध्ये ज्यूरीने २,२२,००० डॉलर ठरवले. फेरसुनावणीत दुसऱ्या ज्यूरीने आकडा १९.२ लाखांवर नेला. न्यायाधीशांनाच तो राक्षसी वाटला आणि त्यांनी तो ५४,००० वर आणला. शेवटी २०१२ मध्ये अपील न्यायालयाने पुन्हा २,२२,००० कायम केले. हीच २४ गाणी ॲपलच्या ऑनलाइन दुकानातून सुमारे २४ डॉलरला मिळाली असती. चोरटा माल विकून पैसा करणाऱ्यांना जरब बसावी म्हणून ठेवलेले हे आकडे गाणी ऐकणाऱ्या बाईवर येऊन आदळले. बाकीच्या कोट्यवधी लोकांनी ही बातमी वाचली आणि डाउनलोड चालू ठेवलं. आपण सापडणार नाही, हा त्यांचा हिशेब बहुतांशी बरोबरच होता. डिसेंबर २००८ मध्ये आरआयएएने श्रोत्यांवर नवे खटले भरणं थांबवलं.

फुकट उतरवण्याची सवय मोडली ती दुकानाने. २८ एप्रिल २००३ रोजी ॲपलने आयट्यून्स स्टोअर उघडलं. सुटं गाणं, ९९ सेंट. पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी विकली गेली. पुढची घडामोड स्वीडनची. २००९ मध्ये स्टॉकहोमच्या न्यायालयाने टॉरेंट फाइलींची यादी देणारं ‘द पायरेट बे’ हे संकेतस्थळ चालवण्याशी संबंधित चौघांना वर्षभराचा कारावास आणि मिळून तीन कोटी क्रोनरची भरपाई सुनावली (अपिलात तिघांची कैद कमी झाली, भरपाईची रक्कम मात्र वाढली). त्याच शहरात काही महिने आधी, ऑक्टोबर २००८ मध्ये, स्पॉटिफाय सुरू झालं होतं. त्याचा सहसंस्थापक डॅनिअल एक याने त्याआधी टॉरेंटचा एक लोकप्रिय प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपनीत काम केलं होतं, आणि सुरुवातीची काही वर्षं स्पॉटिफायची गाणीही वापरकर्त्यांच्या संगणकांमधून एकमेकांकडे जात. २०१० मध्ये त्यात पैसे गुंतवून संचालक मंडळावर बसणारा माणूस होता शॉन पार्कर.

आपल्याकडे हीच गोष्ट वेगळ्या चालीने घडली. नॅप्स्टरच्या काळात महाराष्ट्रात घरोघरी इंटरनेट नव्हतं. चोरटी गाणी इथे आली ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या सीडींतून, आणि नंतर एसटी स्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानांतून. रिचार्जच्या पाटीखालीच ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’ ही दुसरी पाटी असे. दुकानदार फोल्डर दाखवी: लावणी, भक्तिगीतं, जुनी हिंदी, नवी हिंदी. ठरलेल्या रुपयांत कार्ड गच्च भरून मिळे. इथे गिऱ्हाईक पैसे मोजत होतं. ते फक्त गायकाकडे आणि शाहिराकडे जात नव्हते. अमेरिकेतल्या विद्यार्थ्याची ‘मी कुणाचे पैसे घेतले नाहीत’ ही सबब या दुकानदाराला लागू नव्हती, आणि गिऱ्हाइकाला आपण काही गैर करतोय असं वाटायचं कारण नव्हतं, कारण त्याने रीतसर दाम दिलेले असत. २०१६ मध्ये ‘सैराट’ चित्रपटगृहांत गर्दी खेचत असतानाच त्याच्या बेकायदा प्रती मोबाइलवर फिरत होत्या. त्या चित्रपटाने तरीही विक्रमी कमाई केली. ज्या मराठी चित्रपटाचं भवितव्य पहिल्या दोन आठवड्यांतल्या मोजक्या खेळांवर ठरतं, त्याला अशी प्रत झेपत नाही. आपल्या कायद्यात स्वामित्वहक्क भंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे, आणि चित्रपटांच्या चोरीसाठी २०२३ मध्ये स्वतंत्र तरतूद झाली. पण कलाकाराच्या खिशाशी जास्त जवळचा बदल २०१२ चा आहे. गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा करारात लिहून काढून घेता येणार नाही, असं त्या दुरुस्तीने ठरलं. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत झगडले. हा बदल चोरांविरुद्ध नव्हता, निर्मात्यांच्या आणि कंपन्यांच्या करारांविरुद्ध होता.

या सगळ्यातून कुणाचं काय झालं? अमेरिकेतल्या संगीताची उलाढाल २०१४-१५ पर्यंत १९९९ च्या निम्म्याखाली आली. त्यात चोरीचा वाटा किती, आणि अल्बमऐवजी सुटं गाणं विकलं जाऊ लागल्याचा किती, यावर अर्थतज्ज्ञांत अजून एकमत नाही. फटका बसला हे निश्चित, आणि तो कंपन्यांच्या मालकांच्या आधी कॅसेट-सीडीची दुकानं, स्टुडिओतले वादक आणि तंत्रज्ञ यांना बसला. नंतर स्ट्रीमिंगने धंदा सावरला. आता श्रोता कायद्यात बसतो, कंपन्यांची कमाई वाढते, आणि एका ऐकण्यामागे सेंटच्या अंशाइतकी रक्कम निघते. २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षभरात हजारपेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला तेवढीही मिळत नाही.

डाउनलोड करणाऱ्याला ‘तू कलाकाराला लुबाडतोस’ असं सुनावणाऱ्या कंपनीने आधी आपल्या करारातला कलाकाराचा वाटा दाखवायला हवा होता. आणि करार अन्यायाचे आहेत म्हणून गाणी फुकट घेणाऱ्याने त्याच गायकाच्या कार्यक्रमाचं एखादं तिकीट तरी काढलं का, हे सांगायला हवं होतं. कायद्याला या दोन्ही प्रश्नांची गरज पडली नाही. त्याच्यापुढे प्रत कुणी काढली आणि परवानगी होती का, एवढाच मुद्दा होता. त्यामुळे खटले निकाली निघाले, गाणी वैध झाली, आणि गाणाऱ्याला किती मिळावं याचा वाद होता तिथेच राहिला.